घरच्या घरी फ्रेम : चौथा कोपरा काही केल्या मिटत नाही

जलरंगी

नमस्कार मंडळी. चित्रं बरी येतात की नाही हा वेगळा विषय, पण ती गुंडाळून कपाटात पडू नयेत म्हणून फ्रेमसुद्धा स्वतःच करायच्या असं ठरवलं. हाताशी प्लॅस्टिकची मायटर बॉक्स (पट्टी ४५ अंशांत कापायला करवतीसाठी खाचा असलेली पेटी), तिच्यासोबत आलेली करवत, काटकोन तपासायचा एक गुण्या, स्टीलची फूटपट्टी, पांढरा लाकडाचा गोंद, हातोडी आणि चुका, म्हणजे बारीक खिळे. पट्टी तयार विकतची आहे, ३० मिमी रुंद, काच बसायला आतून खाच काढलेली.

दोन फ्रेम झाल्या आणि दोन्हींची गत एकच. तीन कोपरे असे बसतात की स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटते, आणि चौथ्यात पोस्टकार्डांची गड्डी सरकेल एवढी फट! दुसऱ्या वेळी शहाणपणा करून तो चौथा कोपरा आधी जोडला. फट उठून पहिल्या कोपऱ्यात जाऊन बसली. हसू नका.

आता विजेवर चालणारी मायटर सॉ घ्यावी का? जोडायला चुका बऱ्या की ते व्ही आकाराचे खिळे? आणि काचेच्या मागे नेमकं काय भरायचं? सध्या पुठ्ठा टाकून वरून चिकटपट्टी मारली आहे.

गुण्या

हसलो नाही. माझ्या पहिल्या फ्रेमची फट मी पुट्टीने बुजवली, पुट्टीचा रंग लाकडाशी जुळेना, म्हणून शेवटी अख्खी फ्रेम काळी रंगवली.

तुमचा चौथा कोपरा बिचारा निर्दोष आहे. फ्रेमला आठ काप असतात. प्रत्येक काप ४५ ऐवजी ४४.५ अंशांचा झाला, तर आठांची मिळून ४ अंशांची तूट होते. पहिले तीन कोपरे तुम्ही गोंद लावून दाबून मिटवता, म्हणजे सगळी तूट पुढे ढकलता, आणि चौथ्याला ती एकरकमी भरावी लागते. ३० मिमी रुंद पट्टीला सांध्याची तिरपी लांबी साधारण ४२ मिमी येते. तिथे ४ अंश म्हणजे जवळजवळ ३ मिमी फट. अर्ध्या अंशाची चूक डोळ्याला दिसत नाही हो, आणि प्लॅस्टिकच्या मायटर बॉक्सच्या खाचा करवतीने थोड्या झिजल्या की अर्धा अंश सहज जातो.

दोन गोष्टी तपासा. एक, फट आतल्या बाजूला आहे की बाहेरच्या? आत असेल तर काप ४५ पेक्षा कमी झालेत, बाहेर असेल तर जास्त. दोन, समोरासमोरच्या पट्ट्या पाठीला पाठ लावून टेबलावर उभ्या धरा आणि वरच्या टोकावरून बोट फिरवा. बोटाला पायरी लागली तर लांबी वेगळी आहे. कोन अगदी परफेक्ट असले तरी एक पट्टी दुसरीपेक्षा १ मिमीने मोठी असेल तर कोपरा मिटणार नाही. नवशिके सगळे कोनाच्या मागे लागतात आणि लांबी टेपने मोजून मोकळे होतात. माझ्या मते अर्ध्याअधिक फटी लांबीच्या असतात.

म्हणून लांबी मोजून कापूच नका. एक टोक ४५ मध्ये कापून घ्या, करवतीपासून हव्या त्या अंतरावर लाकडाचा ठोकळा पक्का आवळा, आणि दोन्ही जुळ्या पट्ट्या त्या ठोकळ्याला टेकवून कापा. मग मोजमाप अर्ध्या मिमीने चुकलं तरी दोघी सारख्याच चुकतील आणि फ्रेम नीट बसेल.

जलरंगी

फट आत आहे. आणि बोटाला पायरीही लागली. म्हणजे दोन्ही रोग.

गुण्या

मग मशीन घेण्याआधी एक पाट बनवा. सुताराच्या भाषेत रंध्याचा पाट, इंग्रजी पुस्तकांत शूटिंग बोर्ड. एक सपाट फळी. तिच्यावर दोन जाड पट्ट्या व्ही आकारात स्क्रूने बसवायच्या, त्यांच्यातला कोन बरोब्बर ९० अंश. गुण्या लावून, वेळ घालवून, हाच एक कोन नीट जमवा. करवतीने मुद्दाम अर्धा मिमी लांब कापायचं, मग पट्टीचं डावं टोक डाव्या आधाराला आणि उजवं टोक उजव्या आधाराला लावून रंधा आडवा चालवायचा. धारदार रंधा नसेल तर सपाट ठोकळ्यावर १२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा.

गंमत अशी की इथे ४५ अंश अचूक असण्याची गरजच उरत नाही. डावीकडे ४४.६ झाले तर उजवीकडे आपोआप ४५.४ होतात, आणि फ्रेमच्या प्रत्येक कोपऱ्यात एक डावं टोक एका उजव्या टोकाला भेटतं. बेरीज नेहमी ९०. मायटर बॉक्समध्ये डावी खाच आणि उजवी खाच आपापल्या मर्जीने चुकतात, हाच तिचा खरा दोष.

आणखी एक. खाच काढलेली पट्टी उताणी ठेवली की आतल्या बाजूला तिला खालून आधार नसतो. करवतीच्या दाबाने ती किंचित कलते आणि काप उभ्यात तिरका जातो. खाचेच्या मापाची एक चिपट्टी खाली सरकवा. दर्शनी बाजू वर, आणि कापायच्या रेषेवर मास्किंग टेप, म्हणजे कडेचे तंतू उखडत नाहीत.

अर्धा_मिमी

गुण्याजींशी सहमत, फक्त यंत्राची बाजू कुणीतरी मांडायला हवी म्हणून लिहितो. महिन्याला दहा-बारा फ्रेम करत असाल तर मायटर सॉ घ्या, पण तिच्यासोबत येणारं पातं बाजूला ठेवून ८० किंवा १०० दातांचं बारीक पातं घाला. कमी दातांचं पातं कोपरा फाडतं. लोखंडी चौकटीतली हाताची मायटर करवत हाही चांगला मधला मार्ग आहे, तिला कोनाचे ठरलेले खटके असतात आणि धूळ-आवाज जवळजवळ नाही. व्यावसायिक लोक पायाने दाबायचं गिलोटीन वापरतात, एका दाबात दोन पाती उतरतात आणि दोन पट्ट्यांची टोकं एकदम कापली जातात. कागदासारखा गुळगुळीत काप. घरात ठेवायची वस्तू नव्हे.

पट्टी किती लागेल याचा हिशोबही देतो, कारण पहिल्यांदा सगळ्यांची पट्टी कमी पडते. काच ३०० × ४०० मिमी, पट्टी ३० रुंद, खाच ६ रुंद. खाचेत ३ मिमी मोकळीक सोडायची, नाहीतर दमट हवेत माउंट (चित्राभोवतीचा, खिडकी कापलेला बोर्ड) फुगला की पोटात वाकतो. तर बाहेरची लांबी = ३०० + ३ + दोनदा २४ = ३५१. दुसरी बाजू ४५१. चार पट्ट्या मिळून १६०४ मिमी, शिवाय करवतीचा भुसा आणि सुधारणा. मी अशा फ्रेमला १.८ मीटरच्या खाली पट्टी हातात घेत नाही. घाईत असाल तर काचेचा परीघ अधिक पट्टीच्या रुंदीची आठपट, १४०० + २४०. उत्तर जवळपास तेच येतं.

खाचेची खोलीही आधी मोजा. काच २, माउंट दीड, मागचा बोर्ड दीड, पाठ ३. झाले ८ मिमी, आणि वर टाचण्या मारायला जागा हवी. ८ मिमीच्या खाचेत ८ मिमीचा ऐवज कोंबला की पाठ फुगून बाहेर डोकावते.

फिरता_खिळा

जोडणीबद्दल. चुका मारताना तुमचा सांधा घसरत असणार, पैज लावतो. तिरप्या कापावर गोंद लावला की ती जागा साबणासारखी होते, हातोडीचा पहिला ठोका बसला की पट्टी अर्धा मिमी वर चढते. उपाय म्हणजे आधी गोंद वाळवा, खिळा नंतर.

कापलेलं टोक म्हणजे लाकडाच्या नळ्यांची उघडी तोंडं, गोंद पिऊन टाकतात. म्हणून पहिला पातळ हात बोटाने चोळून घ्यायचा, पाचेक मिनिटं थांबायचं, मग दुसरा हात लावून जोडायचं. शिकंजा नसला तरी अडत नाही. चार कोपऱ्यांना खाच पाडलेले चार ठोकळे, त्यांच्याभोवती सुतळीचे दोन-तीन वेढे, आणि सुतळीत काडी घालून पीळ. चारही कोपऱ्यांवर एकसारखा ताण येतो. लगेच दोन्ही कर्ण मोजायचे. वेगळे आले तर लांब कर्णाच्या दिशेने हलकेच दाबायचं. तासाभराने शिकंजा काढला तरी चालतो, पण खिळे दुसऱ्या दिवशी.

व्ही खिळे चांगलेच. मागच्या बाजूने ठोकतात म्हणून बाजूने काही दिसत नाही, आणि त्यांचे पंख दोन्ही पट्ट्यांना एकमेकींकडे ओढतात. मऊ लाकडाचे आणि कडक लाकडाचे वेगळे मिळतात. हाताने ठोकायला चुंबकाचं छोटं हत्यार येतं. माझ्या मते ३० मिमी पट्टीला कोपऱ्यामागे दोन पुरेत, एक आतल्या टोकाजवळ आणि एक बाहेरच्या, पण कडेपासून ५-६ मिमी आत.

गुण्या

व्ही खिळ्यांना विरोध नाही, पण मोठ्या आणि जड काचेच्या फ्रेमला मी आडवे खिळेच मारतो. बाजूने, खिळ्यापेक्षा बारीक भोक पाडून, डोकं पंचाने १ मिमी आत बसवून, वर रंगाचं मेण. व्ही खिळा सांधा जवळ ठेवतो, काचेचं वजन तोलायचं म्हटलं की माझा त्याच्यावर भरवसा नाही.

फिरता_खिळा

दहा वर्षं झाली, माझी एकही खाली आली नाही.

गुण्या

दहा वर्षांत हवा कितीदा कोरडी-दमट झाली ते लाकडाला विचारा. लाकूड रुंदीत आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. त्यामुळे कोरड्या हवेत कोपऱ्याची फट आतून उघडते आणि दमट हवेत बाहेरून. खिळा कोणताही असो. म्हणून पट्टी आणल्याबरोबर कापू नये, आठवडाभर घरात पडू द्यावी. या मुद्द्यावर तरी आपलं जमावं.

फिरता_खिळा

जमलं. :)

आणि केसाएवढी फट राहिलीच तर स्क्रूड्रायव्हरचा गोल दांडा कोपऱ्याच्या कडेवरून दोन्ही बाजूंनी दाबून चोळा. तंतू एकमेकांवर वळतात आणि फट नाहीशी होते. ही लबाडी मात्र ३ मिमीला चालत नाही, जलरंगी.

एक राहिलं. पॉलिस्टायरीनच्या चमकदार पट्ट्या वापरत असाल तर पांढरा गोंद धरत नाही, त्यांना सुपरग्लूसारखा वेगळा गोंद लागतो. मेण लावलेल्या लाकडालाही धरत नाही, म्हणून मेण-पॉलिश सांधा वाळल्यावर.

कागदवेडी

सगळे कोपऱ्यात अडकलेत आणि जलरंगींनी लिहिलेलं शेवटचं वाक्य कुणी वाचलंच नाही. पुठ्ठा आणि चिकटपट्टी! कोपऱ्याची फट दिसते म्हणून टोचते. चिकटपट्टी आत बसून शांतपणे चित्र खात असते.

अनुभवाचे बोल आहेत. माझ्या एका जलरंग चित्राला मी मागून चारही कडांना मास्किंग टेप लावली होती. काही वर्षांनी उघडलं तर टेपचा कागद गळून पडलेला आणि गोंद तेलासारखा कागदात मुरून पुढच्या बाजूला चार पिवळे पट्टे. ते निघत नाहीत. शिवाय चारही बाजूंनी जखडल्यामुळे कागद लाटांसारखा उचललेला, कारण दमट हवेत त्याला वाढायला जागाच नव्हती.

मी आता असं करते. चित्र मागच्या बोर्डाला फक्त वरच्या कडेला दोन ठिकाणी टांगायचं. पातळ जपानी कागदाच्या बोटभर पट्ट्या, गव्हाच्या स्टार्चची शिजवलेली खळ. पट्टीचा अर्धा भाग चित्राच्या मागे, अर्धा वर बोर्डावर, आणि त्या वरच्या भागावर दुसरी आडवी पट्टी, म्हणजे इंग्रजी टी चा आकार. बाकी तिन्ही कडा मोकळ्या. पट्टी चित्राच्या कागदापेक्षा कमजोर असायला हवी. फ्रेम पडली तर पट्टी फाटावी, चित्र नाही. खळ पाण्याने सुटते, त्यामुळे पुढे कुणाला चित्र काढायचं झालं तर इजा होत नाही. हे सगळं नको असेल तर कागदाचे चार त्रिकोणी खिसे करून कोपरे त्यांत अडकवा, चित्राला गोंद लागतच नाही.

माउंट बोर्डाबद्दल. स्वस्त बोर्ड लाकडाच्या लगद्याचा असतो, त्यातलं लिग्निन आम्लं सोडतं. खिडकीची तिरपी कड आधी पांढरी असते, मग पिवळी, मग तपकिरी, आणि शेवटी चित्रावर खिडकीच्या कडेने एक भाजल्यासारखी रेष उमटते. जुन्या फ्रेम उघडल्यात तर पाहिली असेल. कापसाच्या लगद्याचा किंवा लिग्निन काढलेला बोर्ड घ्या. आम्ल शोषायला अशा बोर्डांत बहुधा कॅल्शियम कार्बोनेट घातलेलं असतं. ते बहुतेक कागदांना चांगलं, पण सायनोटाइप (निळ्या रंगात छापलेला फोटो) असेल तर त्याचा निळा रंग अल्कलीत फिकटतो, त्याला बफर, म्हणजे हे कार्बोनेट, नसलेला बोर्ड.

खिडकीचं माप: चित्र २०० × ३०० असेल तर खिडकी १९४ × २९४, म्हणजे प्रत्येक बाजूने ३ मिमी चित्र झाकलं जातं. बाहेरून ३०० × ४०० हवं तर चारही बाजूंना ५३ येतात. मी वर ४८ आणि खाली ५८ ठेवते. सारखे ठेवले की चित्र खाली घसरल्यासारखं वाटतं. एकच सक्त नियम, माउंटची रुंदी आणि पट्टीची रुंदी एकसारखी नको, नाहीतर नेमबाजीचं लक्ष्य दिसतं.

तिरपा काप बोर्डाच्या मागून, खाली फालतू बोर्ड ठेवून, एका दमात. पातं दर दोन-तीन खिडक्यांनी बदला. कोपऱ्यात तुकडा अडकला तर ओढू नका, सुटं पातं त्याच तिरक्या कोनात घालून सोडवा.

जलरंगी

कागदवेडीताई, रात्रीच दोन्ही फ्रेम उघडल्या. एकीची चिकटपट्टी निघाली, दुसरीची कागदाचा पापुद्रा घेऊन निघाली. पुढचं चित्र सॉफ्ट पेस्टलचं आहे, काचेला टेकू नये एवढं कळतं. काचेऐवजी ॲक्रिलिक चालेल का? हलकं पडेल म्हणून.

कागदवेडी

पेस्टल आणि कोळशाला ॲक्रिलिक अजिबात नको. पुसलं की त्यात स्थिर वीज साठते आणि रंगाची भुकटी उडून आतल्या बाजूला चिकटते. काचच. आणि काच व माउंट यांच्यामध्ये ५-६ मिमीची पट्टी द्या, खाचेच्या कडेने, दिसणार नाही अशी. फोटोलाही अंतर हवंच. ओल धरली की फोटोचा जिलेटिनचा थर काचेला चिकटतो आणि मग सोडवायचा प्रयत्न करणं म्हणजे फोटो फाडणं.

ॲक्रिलिकचं वजन काचेच्या निम्म्याहून कमी असतं, मोठ्या छापील चित्रांना उत्तमच. पण अमोनिया असलेल्या काच-क्लीनरने पुसू नका, त्यात बारीक तडे जातात.

अर्धा_मिमी

काच घरी कापत असाल तर: कटरचं चाक रॉकेलात बुडवा, पट्टी घट्ट धरा, एकाच दाबाने एकदाच रेघ. सळसळ असा सलग आवाज आला पाहिजे. तीच रेघ दुसऱ्यांदा ओढायची नाही, चाकही जातं आणि काचही वेडीवाकडी फुटते. रेघ मारल्याबरोबर टेबलाच्या कडेवर मोडा, चहाला जाऊन येऊ नका. चष्मा घाला.

फिरता_खिळा

कॅनव्हासवरच्या तैलचित्रांना हे काहीच लागू नाही, काच नको आणि माउंटही नको. आतून इंग्रजी एल आकाराची पट्टी, चित्र आणि पट्टी यांच्यात चारही बाजूंनी ५ मिमी मोकळं अंतर, मागून स्क्रू. विषयांतर झालं.

गुण्या

पाठीबद्दल राहिलं. एमडीएफ थेट चित्रामागे नको, त्यातून फॉर्मल्डिहाइड आणि आम्लाच्या वाफा निघत राहतात. पन्हळी पॉलिप्रॉपिलीनचा पत्रा हलका आणि निरुपद्रवी. टाचण्या मारून झाल्या की मागून तपकिरी कागद: फ्रेमच्या कडेला गोंद, कागदाला ओला स्पंज हलकाच फिरवून चिकटवा. वाळला की डफासारखा ताणतो. धूळ आणि किडे बाहेर.

कड्या वरून एक-तृतीयांश अंतरावर. तार जास्त ताणून बांधली की फ्रेम नीट टेकते असा गैरसमज आहे. तार आडव्या रेषेशी ३० अंशांत असेल तर तिच्या प्रत्येक बाजूवर फ्रेमच्या वजनाइतकाच ताण येतो. १५ अंशांत तोच जवळजवळ दुप्पट होतो आणि कड्या फ्रेमच्या बाजू आत खेचू लागतात. म्हणजे पुन्हा तुमचेच कोपरे उघडणार. मोठ्या फ्रेमला मी तार लावतच नाही, दोन कड्या आणि भिंतीत दोन हुक. खालच्या दोन कोपऱ्यांना रबराच्या टिकल्या लावा, मागे हवा खेळते.

जलरंगी

धागा वर काढतोय.

पाट बनवला. ९० चा कोन जमवायला अख्खी संध्याकाळ गेली आणि बायकोने विचारलं की फ्रेम करतोस की फळी. मग ठोकळा लावून जुळ्या पट्ट्या कापल्या, रंध्याऐवजी पॉलिश पेपरच वापरला. सुतळी आणि काडी. कर्ण ५७१ आणि ५७१.५. चौथा कोपरा कुठला ते आता खुणेशिवाय मला सांगता येत नाही!

पेस्टल आत बसवलं, पट्टी दिली, पाठ लावली, तपकिरी कागद डफासारखा ताणला. भिंतीवर टांगलं. दोन पावलं मागे गेलो. काचेच्या आत, आकाशाच्या बरोब्बर मध्यभागी, एक केस.

कागदवेडी

पालथी करून आपटू नका, पेस्टल झडेल. कागद फाडा, उघडा, मऊ ब्रशने उचला. बंद करण्याआधी काच उजेडासमोर तिरपी धरून पाहायची हे लिहायचं राहिलं माझ्याकडून. आणि पाठ लावल्यावर, कागद चिकटवण्याआधी, फ्रेम उलटवून एकदा पुढून बघायची.

फिरता_खिळा

मी तर तीनदा बघतो. तरी चौथ्यांदा उघडावी लागते.

जलरंगी

उघडली. ब्रशचाच केस निघाला.